मातीआधीचा कागद

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलं की मान आपोआप छताकडे जाते. नवख्या अभ्यासकाला मी सांगतो, आधी खांब बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतले बरेच जण धेनुकाकट नावाच्या गावचे, काही स्वतःला यवन म्हणवणारे. एकेक खांब एकेकाचं दान. दाराबाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीने दिलेला, आणि हे शैलगृह पुरं केल्याचं श्रेय वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीकडे. एकूण किती खर्च आला हे कुठेच लिहिलेलं नाही. तो कुणी कसा वाटून घेतला, हे मात्र दगडावरच वाचता येतं. कुणीतरी आधी बसून खांब मोजले असतील, देणाऱ्यांना विचारलं असेल, कुणाच्या वाट्याला काय ते ठरवलं असेल. छिन्नी लागायच्या आधीचं ते काम हाच या अभ्यासाचा विषय आहे.

मागणीवरून घडवलेल्या शिल्पाचं अंदाजपत्रक कसं करावं, हा विषय आपल्याकडे कुठल्याच एका खात्यात बसत नाही. कलेच्या इतिहासात शैली शिकवतात, पैशाची बाजू तळटिपेत जाते. स्थापत्य अभियंत्याला चबुतरा कळतो, ओताऱ्याला धातू कळतो, वकिलाला करार कळतो, आणि ट्रस्टच्या हिशेबनिसाला फक्त बिलं दिसतात. शिल्पकाराला या सगळ्यांशी बोलावं लागतं, पण ते त्याला कुठल्या कलाशाळेत सहसा शिकवलेलं नसतं. त्यामुळे गावची स्मारक समिती, शाळेचे माजी विद्यार्थी, साखर कारखान्याचं संचालक मंडळ किंवा आजोबांचा अर्धपुतळा करून घेऊ पाहणारं कुटुंब, सगळे एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: पुतळ्याला किती खर्च येईल? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो विचारायला कुणी संकोच करू नये. पुढची पानं त्याच प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांसाठी आहेत. त्यांचं या अभ्यासात मनापासून स्वागत आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुतळ्यासाठी जमवलेला पैसा बहुतेक वेळा दोन ठिकाणी कमी पडतो: मातीच्या टप्प्यावर आणि अनावरणानंतर. धातूसाठी सगळे घासाघीस करतात, कारण धातू किलोवर मोजता येतो. शिल्पकाराचा वेळ आणि पुतळ्याचं पुढचं आयुष्य किलोवर येत नाही, म्हणून कात्री आधी तिथेच चालते.

तरी धातूच्या हिशेबापासूनच सुरुवात करू, कारण पहिली चूक तिथे होते आणि ती उंचीच्या आकड्यात दडलेली असते. समजा, सहा फुटी उभ्या पुतळ्याचा अंगरखा-उपरण्यासह पृष्ठभाग तीन चौरस मीटर भरला. पुतळा आतून पोकळ असतो; भिंतीची जाडी सात मिलिमीटर धरू. ब्राँझ पाण्याच्या पावणेनऊ पटींहून थोडं जड असतं. म्हणजे पुतळ्याचं वजन सुमारे १८५ किलो. आता समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, शेजारच्या गावाचा सात फुटी आहे, आपला नऊ फुटी करू. उंची दीडपट झाली, तेव्हा खर्चही दीडपट होईल असं सगळे धरून चालतात. पण पृष्ठभाग वाढतो दीडाच्या दीडपट, म्हणजे सव्वादोनपट. त्याच जाडीला वजन जातं ४१५ किलोंच्या वर, आणि मोठ्या अंगाला जाडी आठ मिलिमीटर केली तर पावणेपाचशे किलोंच्या घरात. आकारमान तर सव्वातीनपटीहूनही पुढे जातं. त्यामुळे मातीचा भार वाढतो, तो पेलणारा सळयांचा सांगाडा वाढतो, परांची उंच बांधावी लागते, साच्याचे तुकडे वाढतात, क्रेन मोठी लागते. शिवाय ओतकामात रस धावायच्या नळ्यांत आणि रस ओतायच्या कपात भरणारा धातू लागतोच. पुतळ्याच्या वजनापेक्षा बराच जास्त धातू मुशीत वितळवावा लागतो. हा जादाचा धातू परत वापरता येतो, पण त्याला लागलेलं इंधन आणि मजुरी परत येत नाही. हे गणित शाळेतल्या फळ्यावर मावेल इतकं सोपं आहे. ते बैठकीआधी केलं, तर ‘तीन फूट वाढवू’ या एका वाक्याची खरी किंमत सगळ्यांसमोर येते. उंची वाढवू नये असं माझं म्हणणं नाही. मोकळ्या मैदानात, लांबून दिसायच्या जागी सहा फुटी पुतळा खरोखर खुजा वाटतो. पण तो निर्णय कुठून बघणार यावर व्हावा, शेजारच्या गावावर नव्हे.

आता मातीकडे येतो, आणि इथे मला थोडा वेळ थांबायचं आहे.

एका तालुक्याच्या गावी एका दिवंगत शिक्षकांचा पुतळा करायचा होता. क्ले मॉडेल पाहायला समिती कार्यशाळेत आली, तेव्हा मीही सोबत होतो. शिल्पकाराने ओलं गोणपाट हळूहळू सोडलं. चेहरा ओळखीचा होता, धोतराच्या निऱ्या सुरेख पडल्या होत्या, सगळे खूश. शिक्षकांच्या सत्तरीच्या कन्या मागे उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. शिल्पकाराने त्यांना पुढे बोलावलं. त्या म्हणाल्या, “अण्णा अशी ताठ मान नव्हते धरत. समोरचं पोर काही सांगत असलं की मान डावीकडे कलायची.” शिल्पकाराने मानेजवळची तार मुद्दाम मऊ ठेवली होती. त्याने तारेच्या कातणीने मानेच्या डाव्या बाजूची बोटभर माती पाचरीसारखी काढली, दोन्ही हातांनी डोकं धरून जरासं कलवलं, उजवीकडची फट नव्या मातीने भरली आणि कानाखालची शीर पुन्हा ओढली. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. बाई पुढे आल्या आणि पुतळ्याच्या पायाशी हात टेकवून उभ्या राहिल्या.

तोच बदल पुढे मातीवरून घेतलेल्या मेणाच्या प्रतीत करायचा तर एका माणसाचे काही दिवस जातात. ब्राँझमध्ये करायचा तर मान कापून, नव्याने जोडून, घासून, रंगछटा पुन्हा चढवावी लागते. मातीत त्याला पंचवीस मिनिटं लागली. पण ती पंचवीस मिनिटं उपलब्ध होती, कारण अंदाजपत्रकात माती तीन वेळा पाहायला येण्याची तरतूद होती, आणि पहिल्या भेटीनंतर माती आणखी सहा आठवडे ओली ठेवण्याची मजुरीही धरली होती. मी स्वतः ज्या एका समितीत काम केलं, तिथे आम्ही खर्च वाचवायला एकच भेट ठेवली. त्या तारखेला, ज्यांचा पुतळा होता त्यांच्या घरचं कुणी येऊ शकलं नाही. चेहऱ्यात काय चुकलं ते आम्हाला अनावरणाच्या दिवशी, त्यांच्या पत्नीच्या चेहऱ्यावर वाचावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो की कोटेशन हातात आलं की आधी धातूचा दर बघू नका. माती किती दिवस ओली राहणार आहे ते बघा.

पैसे कधी द्यायचे, हा प्रश्नही जुना आहे आणि त्याची उत्तरं वेगवेगळी निघाली आहेत. १४९८ साली रोममध्ये मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’चा करार झाला, तेव्हा ४५० डुकाट ही रक्कम आणि एक वर्षाची मुदत आधीच ठरली, आणि कलावंताच्या वतीने एका सावकाराने हमी दिली. उलट पाडुआतल्या दोनातेल्लोच्या अश्वारूढ गात्तामेलाताची किंमत काम झाल्यावर, १४५३ साली, पंचांनी ठरवली: १६५० डुकाट. आधी ठरवलेल्या किमतीत जोखीम शिल्पकाराची, नंतर ठरवलेल्या किमतीत दोघांची. आपल्याकडची हप्त्यांची पद्धत या दोन्हींच्या मधली आहे, आणि मला ती सर्वांत न्याय्य वाटते. पण हप्ता तारखेला नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्याला बांधलेला हवा: बयाणा, मंजूर माती, मेण, ओतकाम, उभारणी. आणि पुढच्या हप्त्याचा पैसा खरोखर खात्यात आहे ना, हे समितीने स्वतःला विचारायला हवं. फ्रान्समधल्या कॅले गावाने १८८४ साली रोदँकडे एका वीराचा पुतळा मागितला. रोदँने त्याच किमतीत सहा जण देऊ केले. १८८६ मध्ये तिथली बँक बुडाली, वर्गणी अडकली, आणि शिल्प उभं राहायला १८९५ उजाडलं. मधली वर्षं ते काम शिल्पकाराकडेच पडून होतं. लोकवर्गणीवर चाललेल्या प्रत्येक समितीने ही हकीकत वाचावी, कारण उशिराचा खर्च कुठल्याच ओळीत लिहिलेला नसतो आणि तो बहुधा एकट्या शिल्पकाराच्या अंगावर पडतो.

चबुतऱ्याबद्दल थोडक्यात. तो वेगळा खर्च आहे आणि तो विसरला जातो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यपुतळा फ्रेंच लोकांनी भेट दिला, चौथरा अमेरिकेने बांधायचा होता. १८८५ साली पुतळ्याचे तुकडे खोक्यांत भरून बंदरावर आले आणि चौथरा अर्धवटच होता. जोसेफ पुलित्झरने आपल्या ‘वर्ल्ड’ वृत्तपत्रातून हाक दिली, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून लाखभर डॉलर दिले. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षा कमी होती. आपल्या गावात पुलित्झर असेलच असं नाही. पाया, कातळ की काळी माती, दगडाचं आच्छादन, वाऱ्याचा जोर, पुतळ्याच्या पायातून खाली जाणारे बोल्ट, हे सगळं पुतळ्याच्या कागदालाच जोडून लिहावं.

ओतकाम कुठे करायचं हाही खर्चाचाच निर्णय आहे. पुण्यातला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. शिल्पकार विनायकराव करमरकरांनी तो एकसंध ओतायचा ठरवला, आणि एवढ्या मोठ्या ओतकामासाठी मुंबईच्या माझगाव गोदीचा आधार घेतला. आज बहुतेक मोठे पुतळे तुकड्यांत ओतून जोडतात आणि आत पोलादी सांगाडा उभारतात. ते वाईट नाही, स्वस्त पडतं आणि नेता-आणता येतं. मात्र मग जोड, सांगाडा आणि गंज यांची तपासणी हा अंदाजपत्रकातला स्वतंत्र खर्च ठरतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर खारा वारा आणि जोडकाम यांची चर्चा महाराष्ट्रभर झाली. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभ्यासकाने त्या दुःखातून पुढे जाऊन हे पाहायला हवं, की समुद्राकाठच्या पुतळ्यासाठी अभियंत्याची तपासणी किती वेळा आणि कुणाच्या खर्चाने व्हावी.

कायद्याची बाजूही खर्चात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३ च्या आदेशानंतर सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्याला परवानगी देता येत नाही. म्हणजे जागेचा प्रश्न आधी. महाराष्ट्रात कला संचालनालयाकडून क्ले मॉडेलला मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीचा वेळ मातीच्या वेळेत मिळवलाच पाहिजे. आणि एक गोष्ट समित्यांना सहसा ठाऊक नसते. पैसे दिले म्हणजे शिल्पावरचे सगळे हक्क आपले, असं होत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये भिंतीवरून काढलं गेलं, त्यात ते बिघडलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कलावंताचा नैतिक हक्क मान्य केला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. म्हणून प्रतिकृती, फोटो, जागा बदलणं आणि डागडुजी यांबद्दल करारात दोन ओळी लिहून घ्याव्यात. त्याला वकिलाचे थोडे पैसे लागतील, ते आनंदाने द्यावेत.

राहिलं अनावरणानंतरचं. हार-तुरे, मंडप, पाहुणे यांच्यावर एका दिवसात जेवढं उधळलं जातं, तेवढ्यात पुतळ्याची कित्येक वर्षांची निगा होते. ब्राँझला पाणी साचलेलं चालत नाही. म्हणून तळाशी बारीक छिद्रं ठेवतात, आणि ती पक्ष्यांच्या काड्यांनी, धुळीने बुजतात. वर्षातून एकदा ती मोकळी करायची, कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून पुतळा धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मेणाचा पातळ हात देऊन सुती कापडाने घासायचा. आम्लाचं किंवा दुकानात मिळणारं भांडी चमकवण्याचं काहीही लावायचं नाही. त्याने शिल्पकाराने ज्योतीने तापवून चढवलेली छटा एका दुपारी निघून जाते.

मघाशी ज्या शिक्षकांच्या पुतळ्याबद्दल लिहिलं, तिथे समितीने शिल्लक रकमेतून एक छोटी ठेव ठेवली. दरवर्षी मेमध्ये, शाळेला सुट्टी लागली की, माजी विद्यार्थ्यांतले दोघे शिडी घेऊन जातात. मागच्या वर्षी मी त्यांची खर्चवही पाहायला मागितली. एका पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: मेण, सुती कापड दोन मीटर, शिडीचं भाडं, चहा चार कप.