काबुलला गेलेली यादी

गेल्या वर्षी आमच्या आपाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. ती दम्मामला असते, एकोणीस वर्षं झाली. मी इकडे रावेरला. आमच्या घरात वाढदिवस कधी साजरे झाले नाहीत, पण पन्नास म्हटल्यावर वाटलं, काहीतरी पाठवावं. मोबाइलवर दोन रात्री शोधून एक सुंदर घड्याळ निवडलं. पाच वेळच्या अजानचं. पैसे भरले, पत्ता टाकला, आठ दिवसांत पोचलंही. आपाचा फोन आला, "भय्या, छान आहे." मग थोडं थांबून हसली. "अरे, पण माझ्या खिडकीसमोरच मशीद आहे. इथं अजानसाठी घड्याळ कोण लावतं?"

ती हसली म्हणून मीही हसलो, पण मनाला लागलं. वस्तू चांगली होती, किंमतही बरी होती. ज्या घरात ती जाणार होती ते घर मात्र माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. आपाच्या खिडकीबाहेर काय दिसतं, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास मी गुलबदन बेगमचं 'हुमायूननामा' पुन्हा वाचत होतो. गुलबदन ही बाबराची मुलगी. अकबराच्या सांगण्यावरून, साठी ओलांडल्यावर तिनं आपल्या घरच्या आठवणी फारसीत लिहिल्या. ॲनेट बेव्हरिज यांनी १९०२ मध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं. लंडनमधली जी प्रत त्यांच्या हाती होती ती एका वाक्याच्या मध्येच तुटते, पुढची पानं नाहीत. लढायांच्या तारखा शोधणाऱ्याला हे पुस्तक फारसं उपयोगी पडत नाही. कोण कोणाकडे गेलं, कोण रुसलं, कोणी कोणाला काय दिलं, हे मात्र त्यात भरपूर आहे.

बाबराचं नाव काढलं की आजकाल लोक दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. मला इथं त्याचा खटला चालवायचा नाही. मला त्याची एक यादी पाहायची आहे.

एप्रिल १५२६ मध्ये पानिपतची लढाई झाली आणि इब्राहिम लोदीचा खजिना बाबराच्या हाती आला. घरची सगळी माणसं काबुलला होती. आत्या, बहिणी, बायका, मुलं, दाया, दूधभाऊ. खुद्द गुलबदन तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. ख्वाजा कलां हा बाबराचा जुना सरदार हिंदुस्थानच्या हवेला कंटाळला होता आणि परत जाण्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागत होता. बाबराच्या मनात नव्हतं, पण शेवटी त्यानं जाऊ दिलं. सोबत भेटी दिल्या आणि सांगितलं, मी यादी लिहून देतो, त्या यादीबरहुकूम वाटप कर.

गुलबदननं त्या सूचना तपशिलानं दिल्या आहेत. दिवाणखान्याच्या बागेत प्रत्येक बेगमसाठी वेगळा तंबू उभारायचा, त्याला पडदा लावायचा. सगळ्या जमल्या की विजयाबद्दल शुक्राचा सजदा करायचा. मग प्रत्येकीला एक सोन्याची थाळी, तिच्यात माणिक, मोती, हिरे, पाचू, पिरोजा. शिंपल्याच्या दोन तबकांत अशरफ्या, आणखी दोन तबकांत शाहरुखी नाणी आणि नऊ-नऊच्या हिशेबानं कापड. वडीलधाऱ्यांसाठी कोणती थाळी जायची, हे बाबरानं स्वतः ठरवलं होतं. तीच थाळी त्यांनाच मिळाली पाहिजे, अशी ताकीद होती. यादी बेगमांवर थांबत नाही. ती दायांपर्यंत, दूधभावांपर्यंत आणि शेवटी 'माझ्यासाठी दुवा करणारे सगळे' इथपर्यंत जाते.

मला यातले हिरे-माणकं फार महत्त्वाची वाटत नाहीत. लुटीचा पैसा वाटायला हात सैल सुटतोच. मला थांबवतात ते तंबू. बाबर आग्र्यात बसून काबुलच्या बागेत कुठं काय उभं राहील ते बघत होता. भेट कुठं उघडली जाणार, शेजारी कोण बसलेलं असेल, कोणाला आधी द्यायची, हे सगळं त्याला तिथून दिसत होतं. तीन दिवस त्या बागेत आनंद चालला होता, असं गुलबदन लिहिते.

आणि मग असस. नावाचा अर्थ रात्रीचा पहारेकरी. हा घरोब्यातला माणूस. त्याच्यासाठी बाबरानं एकच अशरफी पाठवली, पण ती खास बनवलेली होती. वजन तीन शाही शेर, म्हणजे हिंदुस्थानी पंधरा शेर. ख्वाजाला सांगून ठेवलं होतं की असस विचारेल, बादशहानं माझ्यासाठी काय पाठवलं? तर एवढंच सांग, एक अशरफी. खोटं काहीच नाही. असस चकित झाला आणि तीन दिवस कुढत बसला. सगळ्यांना थाळ्या आणि मला एक अशरफी! मग हुकमाप्रमाणे त्याचे डोळे बांधले, अशरफीला भोक पाडून ती त्याच्या गळ्यात अडकवली आणि त्याला जनानखान्यात पाठवलं. वजनानं तो गांगरला. दोन्ही हातांनी ती धरून म्हणू लागला, माझी अशरफी कोणाला देणार नाही. बेगमांनीही आपापल्यातून त्याला थोड्या थोड्या दिल्या, सत्तर-ऐंशी झाल्या.

ही थट्टा शेकडो कोसांवरून केलेली आहे. असस काय विचारेल, किती दिवस फुगून बसेल, बायका कशा हसतील, हे ज्याला नेमकं माहीत असतं तोच असली भेट पाठवू शकतो. आणि ख्वाजा कलांसारखा माणूस लागतो, जो तीन दिवस तोंड मिटून बसेल.

एक गोष्ट मी आतापर्यंत मागे ठेवली होती, ती सांगायला हवी. प्रत्येक बेगमला थाळीबरोबर इब्राहिम लोदीच्या दरबारातली एक नर्तकीही पाठवली होती. दागिने, नाणी, कापड आणि एक बाई, अशा ओळीत. गुलबदन स्वतः स्त्री, पण तिलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. काबुलला निघालेल्या त्या मुलींच्या घरीही कोणी आत्या, कोणी बहीण असेलच. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इब्राहिमच्या आईनं बाबराच्या जेवणात विष घालवलं. बाबर वाचला. काबुलची बाग रंगात आली होती तेव्हा आग्र्यातल्या एका आईच्या मनात काय चाललं असेल, हे गुलबदनच्या पानावर नसलं तरी वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

बाबराचं हे नुसतं दुरून पाठवण्यापुरतं नव्हतं. पुढे आत्या हिंदुस्थानात आल्या, तेव्हा त्यांची घरं आधी बांधा, असा हुकूम त्यानं बांधकामाच्या उस्तादाला दिला होता. दर शुक्रवारी तो त्यांना भेटायला जायचा. एकदा फार ऊन होतं. माहम बेगम म्हणाली, एक शुक्रवार नाही गेलात तर काय बिघडेल? त्याला ते आवडलं नाही. वडील नाहीत, भाऊ नाहीत अशा त्या बायका, मी नाही गेलो तर त्यांचं मन कोण राखणार, असं तो म्हणाला.

पण त्याला स्वतःला काय हवं होतं? १५२९ मध्ये काबुलला त्याच ख्वाजा कलांला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की नुकतंच कोणी खरबूज आणलं होतं. ते कापलं, खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी आलं. खजिना वाटून टाकणाऱ्या माणसाला एका खरबुजानं रडवलं. आपल्या माणसाला दुरून काय पाठवावं, असं कोणी मला विचारलं तर मी हे पत्र दाखवीन.

या खरबुजाचा वास त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या राहिला. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की कारीझची उत्तम खरबुजं दरबारात आली की त्याला वाईट वाटे. वडिलांना, म्हणजे अकबराला, फळांची भारी आवड आणि ही त्यांच्या हयातीत आली नाहीत. आपल्यातल्या किती जणांच्या घरी असं होतं. मुलाला पहिला पगार मिळतो, तोवर खाणारा गेलेला असतो.

आता वाढदिवसाबद्दल. आपल्यात तो करावा की नाही यावर मतभेद आहेत, त्यात मी इथं पडत नाही. मोगलांनी मात्र वर्षातून दोनदा केला, एक सौर आणि एक चांद्र. बादशहाला तराजूत बसवून सोनं, रेशीम, तांबं, धान्य अशा वस्तूंनी तोलायचं आणि ते दान करायचं. १६१७ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो यानं मांडूला जहांगीरचं तुलादान पाहिलं. औरंगजेबानं गादीवर आल्यावर काही वर्षांनी स्वतःचं तुलादान बंद केलं. पण पुढे घरातल्या एका शहजाद्याला लिहिताना तो म्हणतो, की ही रीत आपल्या पूर्वजांच्या देशातली नाही, तरी तिच्यामुळे गरिबांचं भलं होतं.

दोन वाढदिवस आमच्याकडेही आहेत. आपाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. मी शिक्षक आहे, माझ्या जुन्या रजिस्टरांत निम्मी मुलं १ जूनला जन्मलेली आहेत, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. अम्मीच्या हिशेबानं आपा शबे-बरातच्या दुसऱ्या दिवसाची, पावसाळा सरता सरताची. ते अजानचं घड्याळ मी १ जून धरून पाठवलं होतं. म्हणजे घर चुकलं आणि तारीखही चुकली.

मोगलांचंही नेहमी साधलं असं नाही. रावेरहून बऱ्हाणपूर जवळच आहे, आमची अर्धी सोयरीक तिकडची. तिथं शाहजहानच्या आवडीचं एक आंब्याचं झाड होतं, त्याचं नावच 'बादशाह-पसंद'. १६५२ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि त्या झाडाचे आंबे बादशहाला पाठवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. आंबे पोचले, पण थोडे, आणि तेही चांगले नव्हते. शाहजहानला संशय आला की चांगले आंबे मुलानंच खाल्ले. तसा त्याचा बोल औरंगजेबाला ऐकावा लागला आणि पत्रांतून खुलासे द्यावे लागले.

बापलेकांत तेव्हा दख्खनच्या वसुलीवरून, पैशावरून, माणसांच्या नेमणुकांवरून आधीच कुरबुरी होत्या. आंबे निमित्त झाले. खरबुजामुळे बाबराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच घरात आंब्यांची टोपली आली तेव्हा बापानं आधी आंबे मोजले. १६५८ मध्ये औरंगजेबानं शाहजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं. १६६६ मध्ये मरेपर्यंत तो तिथंच होता. हे आंब्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण भेट पाठवणाऱ्यावर जिथं चोरीचा आळ येतो, तिथं पुढचं ऐकून फार आश्चर्य वाटत नाही.

या वर्षी शबे-बरातच्या आधी मी आपाला फोन केला आणि तिच्या घराबद्दल विचारत राहिलो. खिडकीतून काय दिसतं, ओट्यावर काय आहे, संध्याकाळी कोण येतं. तिला संशय आला. "भय्या, पैसे हवेत का?" पण बोलता बोलता निघालं, की तिथं सगळं मिळतं, पण कळण्याचं पीठ जमत नाही. ज्वारीत उडीद कमी-जास्त होतो आणि भाकरी अम्मीसारखी होत नाही. शेजारी एक हैदराबादी बाई आहे, आपाच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं महिनाभर डबा दिला होता. हे मला आजवर माहीत नव्हतं. ऑपरेशन एवढं मोठं होतं, हेसुद्धा.

गल्लीतला एक मुलगा दम्मामला कामाला आहे, सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "सर, सात किलोच्या वर नको." मी यादी केली. अम्मीनं उभं राहून दळून घेतलेलं कळण्याचं पीठ, आपासाठी. बऱ्हाणपूरचा दराबा, दूल्हाभाईंसाठी. भाचीला तिच्या नानीच्या हातची गोधडी, छोटी. त्या हैदराबादी बाईंसाठी बिबडे, कपड्यांच्या घडीत ठेवून, म्हणजे मोडणार नाहीत. कोणतं कोणाचं ते कागदावर लिहिलं, आणि हा कागद आपाच्या हातात द्यायचा, दूल्हाभाईंच्या नाही, असं मुलाला दोनदा बजावलं.

किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवी साडेसात किलो भरली. मुलगा म्हणाला, अर्धा किलो काढा. पिठाला हात लावायचा प्रश्न नव्हता, गोधडी निम्मी होत नाही. दराबा काढला. तो रात्री आम्ही घरातल्यांनीच संपवला. दूल्हाभाईंना हे अजून सांगितलेलं नाही.