अतिसंवाहक सूक्ष्म उपकरणांतील उष्णतानियंत्रण

अतिसंवाहक धातूंच्या सूक्ष्म मंडलांत निर्माण होणारी किंवा बाहेरून शिरणारी उष्णता अडवण्याचे, वळवण्याचे व काढून टाकण्याचे तंत्र. ॲल्युमिनियम सुमारे १.२ केल्विनखाली अतिसंवाहक होते, तरी त्याचे क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीची एकके) १० ते २० मिलिकेल्विनवर ठेवावे लागतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या क्यूबिटची ऊर्जा जेमतेम पाव केल्विनाएवढी असते. तापमान त्याहून पुष्कळ खाली नसेल, तर उष्णताच त्याची अवस्था बदलून टाकते.

खरी अडचण पदार्थाच्या स्वभावातच आहे. अतिसंवाहकात वीज विनारोध वाहते, पण ती वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कूपर-जोड्या उष्णता नेत नाहीत. ते काम सुट्या इलेक्ट्रॉनांचे, आणि तापमान उतरते तसे ते झपाट्याने कमी होतात. शिवाय अतिशीत धातूत इलेक्ट्रॉन व स्फटिकजाल यांची ऊर्जेची देवाणघेवाण मंदावते. त्यामुळे चिप थंड असूनही तिच्यातले इलेक्ट्रॉन तापलेले राहू शकतात. केवळ शीतकाच्या तापमापकावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

हाच स्वभाव उपयोगीही पडतो. नायोबियम-टायटेनियमच्या तारा संदेश नेतात, उष्णता मात्र फारशी आत येऊ देत नाहीत. अतिसंवाहक पट्टीला चुंबकीय क्षेत्र लावले की ती साधी धातू बनून उष्णता वाहू देते. क्षेत्र काढले की वाट बंद. सामान्य धातू, विद्युतरोधक थर व अतिसंवाहक यांच्या सांध्यातून तापलेले इलेक्ट्रॉनच तेवढे निसटतात आणि मागे राहिलेली धातू निवते, जसे झिरपणाऱ्या माठातले पाणी. २०२५च्या भौतिकीच्या नोबेलचे एक मानकरी जॉन मार्टिनिस यांनी सहकाऱ्यांसह १९९४मध्ये हा परिणाम दाखवला. दोन अतिसंवाहकांना जोडणाऱ्या जोसेफसन सांध्यातील उष्णताप्रवाह त्यांच्या क्वांटम तरंगांमधील कलेच्या (फेज) फरकावर अवलंबून असतो, हे १९६५चे भाकीत २०१२मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

महाराष्ट्रात या विषयाचे मुख्य केंद्र मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था. शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो, हे एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांनी येथेच दाखवले (२०१६). इतके नीच तापमान टिकवणे हीच मोठी कामगिरी होती. ऑगस्ट २०२४मध्ये ही संस्था व डीआरडीओची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. क्यूबिट वाढले की सहसा तारा व त्यांतून शिरणारी उष्णता वाढते, आणि २० मिलिकेल्विनला शीतकाची उष्णता उपसण्याची क्षमता काही मायक्रोवॅट ते काही दशक मायक्रोवॅट एवढीच असते.