एका विलीनीकरणाची गोष्ट

२००९ च्या अखेरीस अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने आपली स्त्री-संशोधन संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. युटा राज्यातील प्रोव्हो येथील हे विद्यापीठ मॉर्मन चर्चचे आहे आणि त्याच्या नियामक मंडळावर चर्चचे सर्वोच्च धर्माधिकारी बसतात. १९७८ मध्ये स्थापन झालेली संस्था एकतीस वर्षे चालली होती. विद्यापीठाच्या निवेदनात स्त्री-अभ्यासाला विरोध नव्हता. संस्थेवरचा पैसा थेट प्राध्यापकांच्या संशोधनाकडे वळवला तर असे काम वाढेल, असा त्याचा आशय होता. स्त्री-अभ्यास हा दुय्यम विषय म्हणून शिकवणे चालूच राहिले.

हा युक्तिवाद पहिल्या वाचनात पटतो. पण तो तोलून पाहायचा तर मॉर्मन स्त्रियांच्या इतिहासात मागे जावे लागते.

युटातील स्त्रियांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. बहुपत्नीकत्वाविरुद्धच्या कायद्याद्वारे अमेरिकन काँग्रेसने तो १८८७ मध्ये काढून घेतला आणि १८९६ मध्ये युटा राज्य झाले तेव्हा तो परत आला. १८७२ पासून तेथील स्त्रिया ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे स्वतःचे नियतकालिक चालवत होत्या. १८४२ मध्ये स्थापन झालेली त्यांची ‘रिलीफ सोसायटी’ स्वतः निधी जमवी, धान्याची कोठारे राखी. एलिस शिप ही याच समाजातली स्त्री १८७८ मध्ये डॉक्टर झाली, ती फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून. आठ वर्षांनी आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली ती तिथेच.

पुढे काय झाले? ‘एक्स्पोनंट’ १९१४ मध्ये थांबले. त्याची जागा सोसायटीच्या अधिकृत मासिकाने घेतली. चर्चची सर्व कामे एका सूत्रात आणण्याच्या मोहिमेत १९७० मध्ये हे मासिकही बंद झाले आणि सोसायटीची आर्थिक स्वायत्तता संपली. कारण देण्यात आले ते सुसूत्रीकरणाचे. सोसायटी आजही आहे, तिची सभासदसंख्या प्रचंड आहे. पण स्वतःची तिजोरी आणि स्वतःचा छापखाना गेला की संघटनेच्या हाती काय उरते, हे वेगळे सांगायला नको.

१९७८ ची संस्था या पार्श्वभूमीवर उभी राहिली, आणि तीही वादळाच्या तोंडावर. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला चर्चने तेव्हा उघड विरोध चालवला होता. दुरुस्तीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सोनिया जॉन्सन यांना डिसेंबर १९७९ मध्ये चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. विद्यापीठाच्या १९९३ च्या स्त्री-परिषदेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक यांचे नाव सुचवले गेले, ते नियामक मंडळाने नाकारले. इंग्रजीच्या प्राध्यापिका गेल हौस्टन यांना १९९६ मध्ये सेवेत कायम करण्यात आले नाही. त्या प्रकरणानंतर १९९८ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने शैक्षणिक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर विद्यापीठाचा निषेध नोंदवला.

अशा आवारात संशोधन संस्थेची एक खोली, एक संचालिका, एक नामफलक यांचे मोल पैशापलीकडचे असते. मानसशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांतली माणसे तिथे एकत्र येतात. प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला कोणाचे दार ठोठवायचे ते कळते. अनुदान विभागून दिले की संशोधन होतेच. पण कोणता प्रश्न विचारायचा, हे मग प्रत्येक विभागाच्या प्राधान्यक्रमावर ठरते. सर्वांची जबाबदारी म्हणून वाटून दिलेला विषय पुष्कळदा कोणाचाच राहत नाही.

प्रश्न किती मोठे असू शकतात, याचे उदाहरण याच विद्यापीठात होते. राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका व्हॅलरी हडसन यांनी २००४ मध्ये अँड्रिया डेन बोअर यांच्यासह भारत आणि चीनमधील मुलींच्या घटत्या प्रमाणाचा देशांच्या सुरक्षिततेशी असलेला संबंध मांडणारा ग्रंथ लिहिला. ‘वुमनस्टॅट्स’ या प्रकल्पात जगभरच्या देशांतील स्त्रियांच्या स्थितीची माहिती गोळा होत होती. बंद झालेल्या संस्थेच्या संचालिका बॉनी बॅलिफ-स्पॅनव्हिल आणि हडसन यांचा, आणखी दोन सहलेखकांसह लिहिलेला ‘सेक्स अँड वर्ल्ड पीस’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला. स्त्रियांची सुरक्षितता आणि राष्ट्रांमधील शांतता यांचा संबंध हाच त्याचा विषय. तोवर संस्था उरली नव्हती आणि हडसन टेक्सासमधील विद्यापीठात गेल्या होत्या.

या इतिहासात बंदीपेक्षा विलीनीकरणच जास्त वेळा भेटते. बंदी आली की निदान भांडता येते. विलीनीकरणाशी भांडणारा माणूस मात्र आडमुठा ठरतो. तरी इतिहास कधी कधी मागच्या दाराने परत येतो. १९७० च्या दशकात बॉस्टनजवळच्या काही मॉर्मन स्त्रियांना हार्वर्डच्या ग्रंथालयात ‘वुमन्स एक्स्पोनंट’चे जुने खंड सापडले. आपल्या पणज्या इतके लिहीत होत्या, हे त्यांना ठाऊकच नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केले. त्या गटात उलरिकही होत्या. साठ वर्षांपूर्वी थांबलेले नियतकालिक पुन्हा बोलते झाले, कारण त्याचे अंक कोणीतरी जपून ठेवले होते. म्हणून संस्था बंद होताना पहिला प्रश्न विचारायला हवा तो तिच्या कागदपत्रांचा: ती कुठे जाणार, आणि कोणाला पाहता येणार?