संगणक चिपांचे द्रवशीतन

जास्त वीज वापरणाऱ्या संगणक चिपमधील उष्णता हवेऐवजी पाणी, तेल किंवा अन्य द्रवाने वाहून नेण्याची पद्धत. चिपला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते आणि ती मोजक्या चौ. सेंमी. क्षेत्रातून बाहेर काढावी लागते.

तत्त्व : सारख्या आकारमानाचे पाणी हवेच्या सु. ३,५०० पट उष्णता सामावून घेते. १ किलोवॉटच्या चिपवरून मिनिटाला १ लिटर पाणी नेल्यास ते सु. १४° से.ने तापते, तेवढ्याच तापमानवाढीत हेच काम करायला मिनिटाला सु. ३,५०० लिटर हवा लागेल.

पद्धती : चिपवर तांब्याची कोल्ड प्लेट बसवून तिच्या बारीक खाचांतून पाणी किंवा पाणी व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण पंपाने फिरवतात. चिप व प्लेट यांमध्ये हवा राहू नये म्हणून उष्णतावाहक लेप लावतात. निमज्जन पद्धतीत सर्व बोर्ड वीजरोधक द्रवात बुडवतात. त्या द्रवाचा उत्कलनबिंदू कमी असल्यास तो चिपवरच उकळतो आणि त्याची वाफ उष्णता घेऊन जाते.

इतिहास : आयबीएमच्या ३०८१ या संगणकात (१९८०) प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला दट्ट्या टेके व हेलियम भरलेल्या संचातून उष्णता पाण्यापर्यंत पोचे. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड टकरमन व फॅबियन पीज यांनी सिलिकॉनमध्येच सूक्ष्म मार्ग कोरून दर चौ. सेंमी.मधून ७९० वॉट उष्णता काढून दाखवली. क्रे-२ (१९८५) हा महासंगणक फ्लुओरिनर्ट या फ्लुओरिनयुक्त वीजरोधक द्रवात बुडवलेला असे. १९९० नंतर बायपोलर चिपांची जागा कमी वीज घेणाऱ्या सीमॉस चिपांनी घेतली, तेव्हा हवा पुन्हा पुरेशी ठरली. पण सीमॉसचीही वीज वाढत गेली आणि पाणी परतले. एनव्हिडियाची एच१०० ही चिप (२०२२) ७०० वॉटपर्यंत वीज घेते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही द्रवशीतन वापरले आहे.

फायदे व मर्यादा : पाणी थंडगार असण्याची गरज नसते. झुरिक येथील ॲक्वासार संगणकात (२०१०) सु. ६०° से.चे पाणी वापरून बाहेर पडणारी उष्णता इमारती उबदार ठेवण्यासाठी वळवली. पाणी दवबिंदूखाली गेले तर उलट नळ्यांवर दव जमून बिघाड संभवतो. गळती, गंज व जैविक वाढीने खाचा तुंबणे या नेहमीच्या अडचणी होत. फ्लुओरिनयुक्त द्रव पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात. फ्लुओरिनर्ट बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने अशा पदार्थांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले.