मेडिकेअर योजना आणि वृद्धांची विमाविषयक फसवणूक : १९६५ ते २०१९

आरोग्यविम्याच्या नावाखाली होणारी वृद्धांची फसवणूक हा विषय सामान्यतः नीतिशास्त्राचा किंवा पोलीस खात्याचा समजला जातो. वृद्ध माणूस भोळा, विसराळू व एकाकी असतो, आणि म्हणून तो फसतो, अशी या प्रकारची रूढ उपपत्ती आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेडिकेअर योजनेचा इतिहास तपासला असता ही उपपत्ती अपुरी ठरते. तेथील फसवणुकीचे स्वरूप वृद्धांच्या स्वभावाप्रमाणे नव्हे, तर कायद्याच्या रचनेप्रमाणे बदलत गेले आहे. हा बदल कसा घडला आणि त्यावरील उपाययोजनेत स्वतः वृद्धांकडे कोणते कार्य आले, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या ग्रंथालयात, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर कायद्यावर स्वाक्षरी केली. १ जुलै १९६६ पासून तो अंमलात आला व पासष्ट वर्षांवरील सुमारे १ कोटी ९० लाख नागरिकांना त्याचा लाभ मिळू लागला. परंतु हे संरक्षण संपूर्ण नव्हते. रुग्णालयातील उपचारांचे पहिले ४० डॉलर रुग्णानेच भरावयाचे होते. साठ दिवसांहून अधिक वास्तव्य झाल्यास एकसष्टाव्या दिवसापासून प्रतिदिनी १० डॉलर द्यावयाचे होते. डॉक्टरांच्या शुल्काचा विमा ऐच्छिक असून त्याची वर्गणी दरमहा ३ डॉलर होती. त्यातही वर्षाचे पहिले ५० डॉलर व त्यापुढील मान्य शुल्काचा पाचवा हिस्सा रुग्णाकडेच राहिला. घरी घ्यावयाची औषधे, चष्मे, दातांचे उपचार आणि दीर्घकालीन शुश्रूषा या गोष्टी तर योजनेच्या बाहेरच होत्या.

शासनाने सोडलेली ही पोकळी भरून काढण्यासाठी खाजगी कंपन्यांनी पूरक विमापत्रे विकावयास प्रारंभ केला. ‘मेडिगॅप’ हे त्यांचे रूढ झालेले नाव यथार्थच होते. गरज खरी होती, आणि याच खऱ्या गरजेच्या आश्रयाने लबाडी वाढली. काही विक्रेते आपण शासनाकडून आलो आहोत असा आभास निर्माण करीत. काही जण एकाच व्यक्तीच्या गळ्यात एकावर एक अनेक विमापत्रे बांधीत. त्यांपैकी कित्येक विमापत्रांत अशी अट असे की, तोच खर्च दुसऱ्या कंपनीने दिला असल्यास ही कंपनी तो देणार नाही. परिणामी हप्ते सर्व कंपन्यांना जात आणि भरपाई एकीकडूनच मिळे. विक्रेत्याचे कमिशन पहिल्या वर्षी सर्वांत अधिक असल्याने जुने विमापत्र मोडून नवे घ्यावयास लावणे त्याला किफायतशीर पडे. नव्या विमापत्राबरोबर पूर्वीच्या व्याधींसाठीचा प्रतीक्षाकाळ मात्र पुन्हा सुरू होई. नेमक्या त्या काळात ती व्याधी उलटली म्हणजे वर्षानुवर्षे हप्ते भरलेला मनुष्य विम्यावाचून उघडा पडे.

१९७८ साली प्रतिनिधिगृहाच्या वार्धक्यविषयक समितीने या प्रकाराची जाहीर चौकशी केली. समितीचे अध्यक्ष फ्लॉरिडाचे क्लॉड पेपर हे स्वतः त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. या चौकशीनंतर १९८० साली सिनेटर मॅक्स बॉकस यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती संमत झाली. वैयक्तिक विमापत्रांच्या बाबतीत जमा हप्त्यांपैकी निदान ६० टक्के व सामुदायिक विमापत्रांच्या बाबतीत ७५ टक्के रक्कम लाभाच्या रूपाने परत जावी, असा दंडक तिने घालून दिला. जाणूनबुजून दुहेरी विमापत्र विकणे आणि शासकीय प्रतिनिधी असल्याची बतावणी करणे हे तिने गुन्हे ठरविले. तथापि प्रमाणपत्र घेणे मुख्यतः ऐच्छिक होते आणि विमापत्रांची विविधता कायम राहिली. दोन विमापत्रे शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे सुशिक्षितासही दुष्करच होते.

खरी कलाटणी मिळाली ती दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आल्यामुळे. त्यांपैकी पहिला प्रवाह स्थानिक होता. वॉशिंग्टन राज्याच्या विमा-आयुक्तांच्या कार्यालयाने १९७९ साली स्वयंसेवकांना विमापत्र वाचण्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी वृद्धांना विनामूल्य सल्ला देण्याची व्यवस्था केली. कॅलिफोर्नियाने १९८४ साली तशीच व्यवस्था उभारली. या सल्लागारांना काहीही विकावयाचे नव्हते, हेच त्यांचे सामर्थ्य होते. दुसरा प्रवाह विधिनियमाचा होता. १९९० च्या संघीय कायद्यान्वये मेडिगॅप विमापत्रांचे दहाच ठराविक नमुने निश्चित करण्यात आले व त्यांना रोमन वर्णमालेतील ‘ए’ पासून ‘जे’ पर्यंतची अक्षरे देण्यात आली. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांनी आधीच स्वतःचे नमुने ठरविले असल्याने त्यांना यातून वगळण्यात आले. एका अक्षराचे विमापत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी त्यातील लाभ तेच, असे झाल्यावर ग्राहकाने पाहावयाचे उरले ते मुख्यतः हप्त्याची रक्कम आणि कंपनीची सेवा. याच कायद्याने सल्लाकेंद्रांसाठी राज्यांना अनुदान दिले व स्थानिक प्रयोगाला राष्ट्रीय रूप प्राप्त झाले. येथे वृद्धांचा भोळेपणा कमी झाला नव्हता. त्यांच्यासमोरचा गुंता कमी झाला होता.

या अनुमानास पुढील इतिहासाने व्यत्यासाने पुष्टी दिली. २००३ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ योजनांना उत्तेजन दिले आणि २००६ पासून औषधविमाही खाजगी कंपन्यांकडे सोपविला. पर्यायांची संख्या एकाएकी वाढली. त्याबरोबर दारोदार फिरणारे विक्रेते, फुकट भोजनाच्या सभा व दिशाभूल करणारी आश्वासनेही पुन्हा अवतरली. २००८ साली नव्या कायद्याने आगंतुक दूरध्वनी, न बोलावता घरी जाणे व विक्रीसभांत भोजन देणे यांवर बंदी घालावी लागली. गुंता परतला तेव्हा फसवणूकही परतली.

दरम्यान फसवणुकीचा एक वेगळाच प्रकार बळावला होता. त्यात वृद्धाला काही विकावयाचे नसे. त्याचा केवळ मेडिकेअर क्रमांक हवा असे. तो हाती आला की न दिलेल्या सेवांची व न पुरविलेल्या उपकरणांची बिले शासनाकडे पाठविता येत. बिले त्वरित चुकती करावयाची आणि शंका आल्यास मागाहून तपासावयाची, ही योजनेची कार्यपद्धती या लबाडीला अनुकूल होती. १९९५ साली पाच मोठ्या राज्यांत याविरुद्ध विशेष मोहीम हाती घेण्यात आली. तथापि सेवा खरोखर मिळाली की नाही, हे निश्चितपणे सांगू शकणारा साक्षीदार एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः रुग्ण. या जाणिवेतून, आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांच्या पुरस्काराने, १९९७ साली बारा प्रायोगिक केंद्रांच्या रूपाने ‘सीनियर मेडिकेअर पॅट्रोल’ ही संघटना उभी राहिली. निवृत्त शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस इत्यादींना शिक्षण देऊन समवयस्कांमध्ये पाठवावयाचे, ही तिची पद्धती. तिची शिकवण साधी आहे. क्रमांक अनोळखी माणसास सांगू नये. डॉक्टरांच्या भेटी व तपासण्या एका वहीत टिपून ठेवाव्यात. शासनाकडून येणारे खर्चाचे विवरणपत्र त्या वहीशी ताडून पाहावे आणि तफावत आढळल्यास कळवावे.

शासनाच्या स्वतःच्या एका त्रुटीची दुरुस्ती मात्र पुष्कळ उशिरा झाली. मेडिकेअरच्या पत्रिकेवर धारकाचा सामाजिक सुरक्षा क्रमांकच छापलेला असे. २०१५ च्या कायद्यानुसार तो काढून, एप्रिल २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात अकरा चिन्हांच्या स्वतंत्र क्रमांकाच्या नव्या पत्रिका धाडण्यात आल्या. पण लबाडी थांबली नाही. एप्रिल २०१९ मध्ये सांधे व पाठ यांना आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या प्रकरणात चोवीस जणांवर आरोप ठेवण्यात आले. प्रकरणातील रक्कम १.२ अब्ज डॉलरहून अधिक होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्करोगाच्या जनुकीय तपासणीच्या नावाखाली २.१ अब्ज डॉलरहून अधिक बिले केल्याचा आरोप पस्तीस जणांवर आला. ‘तपासणी विनामूल्य आहे’ असे सांगून गालाच्या आतील लाळेचा नमुना घेतला जाई, आणि त्याबरोबर क्रमांकही. यात आपले काय गेले, असे वृद्धास वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याच्या वैद्यकीय नोंदीत खोटी माहिती शिरे. आणि पुढे खरोखरच आधारपट्टी लागली तर ती पूर्वीच दिली गेल्याची नोंद आडवी येऊ शके.

या इतिहासाशी मराठी समाजाचाही संबंध आहे. मेडिकेअरनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा संमत झाला. त्याच्या आधारे तेथे गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांची पहिली पिढी आता मेडिकेअरच्या वयाची झाली आहे. दुसऱ्या अंगाने पाहता, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील दूरध्वनिकेंद्रांवर छापे घातले. तेथून अमेरिकन नागरिकांना करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून धमकाविले जात होते. विषय विम्याचा नव्हता, पण शासनाचा मुखवटा धारण करण्याची युक्ती १९७० च्या दशकातील विमाविक्रेत्यांचीच होती.

सारांश, विमापत्रांच्या फसवणुकीवर प्रभावी ठरला तो कायद्याने आणलेला सोपेपणा व निःस्वार्थ सल्ला. क्रमांकाच्या चोरीवर उपाय म्हणून पुढे आली ती रुग्णाची दक्षता. या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. पहिल्या उपायाचा भार शासनाने उचलला, दुसऱ्याचा भार वृद्धावर पडला. ज्याची दृष्टी व स्मृती शाबूत आहे तो विवरणपत्र ताडून पाहील. ज्याची स्मृती मावळू लागली आहे, त्याच्या वतीने ते कोणी वाचावयाचे, या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडत नाही. ते कायद्याच्या रचनेतच शोधावे लागेल.