पायाखालचा इतिहास : महाविद्यालयांच्या फरशीची गोष्ट



विद्यासंस्थेचा इतिहास आपण नेहमी कळसाकडून सांगतो : संस्थापक, प्राचार्य, नामांकित विद्यार्थी. आज आम्ही तो पायाखालच्या फरशीकडून सांगणार आहोत. जुन्या महाविद्यालयांचे वर्ग नव्याने सजविण्याची लगबग सर्वत्र चालू आहे आणि ‘टिकाऊ फरशी कोणती?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यकारी मंडळापुढे येतो. प्रश्न नवा नाही. पिढ्यांनी त्याला दिलेली उत्तरे पाहिली, म्हणजे टिकाऊपणाचा हिशेब अर्धाच कसा मांडला गेला हे ध्यानी येते.

आपल्याकडचे मोठे उत्तर म्हणजे शहाबादी. सह्याद्रीचा काळा पाषाण भिंतीला उत्तम; पण त्याची पातळ फरशी काढणे म्हणजे पाथरवटाचा जीव काढणे. भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीचा दगड मात्र निसर्गानेच थर देऊन रचलेला. छिन्नी घातली की थर सुटतो. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापूरच्या पुढे शहाबादवरून रायचूरला पोचली आणि या जड मालाला वाट मिळाली. बाके ओढा, पावसाळ्यात चिखलाचे पाय आणा, शहाबादी तक्रार करीत नाही. एक फुटली तर तेवढीच बदलावी. तिचे वैर एकाशीच, आम्लाशी. रसायनशाळेत आम्ल सांडले की चुनखडी फसफसते आणि खड्डा पडतो. हे ठाऊक असूनही रंगकामानंतर डाग काढण्यासाठी झाडूवाल्याच्या हाती ‘ॲसिड’ची बाटली दिली जाते. मग फरशी खराब झाल्याचा दोष दगडाला, आणि भाजलेले हात झाडूवाल्याचे!

श्रीमंत इमारतींना इंग्लंडहून मिंटनच्या रंगीत टाइल्स येत. त्यांच्यापुढे स्वदेशी उभी राहिली ती सिमेंटची टाइल. १९२२ साली फेरोझशा आणि रुस्तम सिधवा यांनी ‘भारत’ टाइल्सचा कारखाना काढला. ही टाइल भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून ती दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवितात. पुढे संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवून घासलेली मोझेक आली आणि वर्गावर्गांत पसरली.

साहेबाच्या देशातही हाच शोध चालू होता. फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या सुमारास जवसाचे तेल आटवून, त्यात बुचाचा भुगा मिसळून, तागाच्या कापडावर लिनोलियम बनविले. पायाखाली मऊ, आवाज न करणारे. म्हणून शाळा-ग्रंथालयांत ते मानले गेले. यातला ताग बंगालचा, आणि आमच्या नागपूर-वऱ्हाडकडचा जवसही बोटीने विलायतेला जात असे. ज्याने तो पेरला त्याचे घर मात्र शेणाने सारवलेलेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने शाळाशाळांत ॲस्बेस्टॉस घातलेल्या व्हिनाइलच्या टाइल्स बसविल्या. स्वस्त, चिवट, न झिजणाऱ्या! परंतु त्या फोडताना वा घासताना उडणारा तंतू फुप्फुसात रुतून बसतो. शेवटी १९८६ साली तेथे कायदा करून शाळांना ॲस्बेस्टॉसचा शोध घेणे भाग पाडले. फरशी टिकाऊ होती. तिच्याजवळ काम करणारा माणूस टिकला पाहिजे, याचा विचार मागाहून आला.

आम्ही महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. चढलो ते शिपाई-हमालांच्या मागण्यांचे कागद घेऊन. वाटाघाटींनी आम्हांला एक गोष्ट शिकविली. हिशेबाची वही पुढे आली की आधी पाहावे, कोणाचे नाव तीत नाही? फरशीच्या वहीत तिघांची नावे नसतात : दगड कापणारा, फरशी घासणारा आणि रोज पुसणारा. कोरड्या कटरने ग्रॅनाइट किंवा चिनीमातीची टाइल कापली की सिलिकेची धूळ उडते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसची नोंद १९४८ च्या कारखाने कायद्याने सक्तीची केली. पण त्या कायद्याची नजर कारखान्याच्या फाटकापर्यंतच होती. वर्गात बसून टाइल कापणारा फाटकाबाहेरचा राहिला. पॉलिशवाला तर अनवाणी, राडीत उभा राहून विजेचे यंत्र चालवितो.

म्हणून कार्यकारी मंडळांना आमचे सांगणे असे. जुनी फरशी धड असेल तर उखडू नका. सांधे भरा, घासून घ्या. त्याहून स्वस्त टिकाऊपणा बाजारात नाही. व्हरांड्यात व जिन्यावर खरबरीत शहाबादी किंवा कोटा घाला. आरशासारखी टाइल पहिल्या पावसात विद्यार्थ्याला पाडते. रसायनशाळेत आम्लरोधक टाइल घाला आणि तिचे सांधेही आम्लरोधक करा, कारण आम्ल आत शिरते ते सांध्यातूनच. ग्रंथालय कोरडे असेल तर लिनोलियम चालेल. ओल असेल तेथे नको. आणि निविदेत खर्चाच्या आकड्याशेजारी आणखी चार ओळी लिहा : कापकाम पाणी सोडूनच होईल, कामगाराला बूट व तोंडावर योग्य मुखवटा मिळेल, यंत्राला विजेचा धक्का रोखणारे संरक्षण असेल, आणि नमुना पसंत करताना रोज पुसणाऱ्या बाईंना बोलावले जाईल. कोणती फरशी डाग धरते आणि कोणती कंबर मोडते, हे त्यांच्याइतके कोणत्याही वास्तुविशारदाला कळत नाही.