ग्लेनव्हे राष्ट्रीय उद्यान

आयर्लंड प्रजासत्ताकाच्या वायव्येकडील डोनेगॉल परगण्यातील डोंगराळ व दलदली प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे 16,000 हेक्टर. लेटरकेनी शहराच्या वायव्येस असलेल्या या उद्यानात डेरीव्हे पर्वतरांगेचा मोठा भाग येतो. लगतचे एरिगल (751 मी.) हे परगण्यातील सर्वोच्च शिखर क्वॉर्ट्झाइटचे, त्यामुळे दुरून पांढुरके दिसते, तर उद्यानातील डोंगर बहुतांशी ग्रॅनाइटचे व गोलसर माथ्यांचे आहेत. मधली खोल दरी जुन्या प्रस्तरभंगाच्या रेषेवर हिमनदीने कोरली. तिच्या तळाशी लॉक व्हे हे लांबट सरोवर असून त्यात सामन व ट्राउटबरोबर आर्क्टिक चार हा थंड पाण्यातला मासाही आढळतो.

येथील दलदल सखल भागापुरती नाही. घोंगडी अंथरावी तशी ती उतारांवरही पसरली आहे. बारमाही पाऊस, थंड हवा आणि निचरा न होणारी जमीन यांमुळे प्राणवायूअभावी मृत वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि त्यांचे पीट बनते. स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते व ते आम्लधर्मी करते. पीटचा थर वर्षाला जेमतेम 1 मिमी. वाढतो, म्हणजे हातभर खोल खणले की काही शतके मागे जाता येते. पीटमधील नायट्रोजनच्या टंचाईवर येथील दवबिंदू वनस्पती चिकट पानांनी कीटक पकडून मात करते. तिच्या भाईबंद जाती साताऱ्याजवळच्या कास पठारावरही आहेत. हीदर, कापूसगवत व जांभळे मोलिनिया गवत सर्वत्र दिसते. ओक व बर्चची मूळ वने मात्र दरीच्या आडोशालाच उरली आहेत.

हा प्रदेश निर्मनुष्य भासतो, पण ते केवळ निसर्गाचे काम नव्हे. जॉन जॉर्ज अडेअर या जमीनदाराने एप्रिल 1861 मध्ये कुळांच्या 244 माणसांना घराबाहेर काढले. पुढे सरोवराकाठी किल्लेवजा वाडा बांधला. त्याच्या पश्चात पत्नी कॉर्नेलिया हिने शिकारीसाठी तांबडी हरणे आणली. त्यांचा कळप आजही येथे आहे. पर्यटकांना तो आवडतो. पण कोवळी रोपे खाल्ली जात असल्याने वनरक्षणाच्या दृष्टीने तो डोकेदुखीच आहे. बागेसाठी लावलेल्या पाँटिकम ऱ्होडोडेंड्रॉनने तर रानात शिरून जमिनीवरचा उजेडच अडवला.

आयर्लंडमधून विसाव्या शतकाच्या प्रारंभी नाहीसा झालेला सोनेरी गरुड 2001 पासून स्कॉटलंडची पिल्ले आणून येथे सोडण्यात आला. 2007 मध्ये रानात पहिले पिल्लू वाढले. भक्ष्य कमी असल्याने गरुडांची संख्या अद्याप मोजकीच आहे. बहिरी ससाणा, मर्लिन, लाल ग्राउझ, सोनचिखल्या आणि आयरिश ससा हे येथील अन्य प्राणी.

अखेरचे खासगी मालक, अमेरिकन कलासंग्राहक हेन्री मॅकिलेनी यांनी 1970 च्या दशकात जमीन सरकारला विकली आणि नंतर वाडा व बाग भेट दिली. 1984 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.